विमानप्रवासाचे माइल्स नेमके कशावरून मोजतात?

लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर २,४७५ मैल आहे. हा प्रवास केल्यावर एखाद्याच्या खात्यात २,४७५ माइल्स जमा होतात, दुसऱ्याच्या खात्यात ८५०, तिसऱ्याच्या खात्यात १६,५०० आणि चौथ्याला काहीच मिळत नाही. हे चौघं एकाच विमानात बसलेले असू शकतात. यात कुणाच्या खात्यात घोळ झालेला नसतो, चारही आकडे नियमाला धरूनच असतात. अडचण एवढीच, की हे नियम तिकीट काढताना कुणाच्या नजरेसमोर नसतात आणि आकडा बहुधा कळतो तो प्रवास संपल्यावर. तोवर काही बदलता येत नाही. म्हणून हा हिशेब आधीच समजून घेतलेला बरा.

गोंधळ होऊ नये म्हणून या लेखात ‘मैल’ म्हणजे अंतर आणि ‘माइल’ म्हणजे खात्यात जमा होणारा गुण. काही कंपन्या त्याला पॉइंट म्हणतात, ब्रिटिश एअरवेज एव्हिऑस म्हणते. नाव कोणतंही असो, हिशेबाच्या तऱ्हा त्याच.

सुरुवात अंतरापासूनच का झाली?

अमेरिकेत १९७८ पर्यंत देशांतर्गत विमानभाडं सरकारी मंडळाच्या मंजुरीनं ठरायचं आणि त्याचं सूत्र बरंचसं अंतरावर आधारलेलं होतं. त्या वर्षी कायदा बदलला, भाडी खुली झाली आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ लागली. नेहमी प्रवास करणाऱ्या माणसाला धरून कसं ठेवायचं, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हांटेज’ ही योजना काढली आणि काही दिवसांतच युनायटेडनं आपली ‘मायलेज प्लस’ आणली. नियम अगदी सरळ होता: जितके मैल उडाल तितके माइल्स. पुरेसे साठले की फुकट तिकीट.

भाडं अंतरावरून ठरत आलं होतं, त्यामुळे जो लांब जातो तो जास्त पैसे देतो, हे गृहीत धरणं तेव्हा चुकीचं नव्हतं. अंतर मोजायला सोपं, सांगायलाही सोपं.

कोणतं अंतर?

विमान प्रत्यक्षात जेवढं उडालं तेवढं धरत नाहीत. वाऱ्यामुळे, वादळामुळे, एखाद्या देशाचं आकाश बंद असल्यामुळे विमान वळसा घेतं. २०२२ पासून युरोप आणि जपानमधल्या बऱ्याच विमानांना रशियाचं आकाश टाळून जावं लागतं आणि प्रवास काही तासांनी लांबला. प्रवासी जास्त वेळ खुर्चीत अडकतो, पण त्या वळशाचे म्हणून माइल्स मिळत नाहीत.

हिशेबात येतं ते दोन विमानतळांमधलं ठरावीक अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर बोटं ठेवून मध्ये दोरा ताणून बघा. दोरा घट्ट बसला की जी वाट दिसते ती सर्वांत जवळची. सपाट नकाशावर हीच वाट कमानीसारखी वाकलेली दिसते, म्हणून नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर चुकतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे असं मोजलं तर जवळपास ९,५०० मैल भरतं. बऱ्याच कंपन्या स्वतः मोजत बसत नाहीत. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना म्हणजे आयाटा दोन-दोन शहरांमधल्या अंतरांचे तक्ते प्रसिद्ध करते, त्यातलाच आकडा उचलतात. तक्ते आणि मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे एकाच मार्गाला दोन कंपन्यांचे आकडे थोडेफार वेगळे दिसतात. हा मैल जमिनीवरचा, १.६०९ किलोमीटरचा. वैमानिक वापरतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. त्याचा इथे संबंध नाही.

मध्ये विमान बदललं तर प्रत्येक टप्पा वेगळा मोजतात आणि बेरीज करतात, त्यामुळे वाकडी वाट करून जाणाऱ्याला थोडे जास्त माइल्स मिळतात. पण विमानाचा क्रमांक तोच राहून ते फक्त मध्ये एका ठिकाणी थांबत असेल, तर काही योजना थांबा सोडून देतात आणि सुरुवात ते शेवट एवढंच अंतर धरतात. फार छोट्या प्रवासाला किमान आकडा ठेवण्याचीही पद्धत आहे. ५०० हा आकडा बरीच वर्षं रूढ होता: दोनशे मैलांचं उड्डाण असलं तरी खात्यात ५००.

अंतर तेच, पण टक्के वेगळे

अंतरावर चालणाऱ्या योजनांमध्ये आता सहसा सरळ मैलाला माइल मिळत नाही. मध्ये एक टक्केवारी येते आणि ती ठरते बुकिंग क्लासवरून. हा शब्द नीट समजला की निम्मा गोंधळ संपतो.

विमानात आपल्याला दिसतात ते तीन-चार वर्ग: इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस, फर्स्ट. कंपनीच्या संगणकात मात्र या प्रत्येक वर्गाचे आणखी तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला इंग्रजीतलं एक अक्षर दिलेलं असतं. ‘वाय’ हे बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीचं अक्षर, ‘जे’ पूर्ण भाड्याच्या बिझनेसचं, ‘एफ’ फर्स्टचं. बाकीची बरीच अक्षरं सवलतीच्या भाड्यांसाठी असतात आणि कोणतं अक्षर किती स्वस्त, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खुर्ची तीच, जेवण तेच, पण शेजाऱ्याचं अक्षर वेगळं.

टक्केवारी या अक्षराला चिकटलेली असते. समजा मार्ग ४,००० मैलांचा आहे. पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीला १०० टक्के म्हणजे ४,००० माइल्स, सवलतीच्या अक्षराला ५० टक्के म्हणजे २,०००, अगदी तळाच्या अक्षराला २५ टक्के म्हणजे १,०००, बिझनेसला १५० टक्के म्हणजे ६,०००. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. खरा तक्ता प्रत्येक योजनेच्या संकेतस्थळावर असतो. क्वांटाससारख्या कंपन्या टक्केवारी न लावता अंतराचे पट्टे पाडतात आणि पट्टा व भाड्याचा प्रकार बघून ठरावीक आकडा देतात. मागचं तर्कशास्त्र तेच आहे.

आपलं अक्षर ई-तिकिटावर ‘क्लास’ या शब्दाजवळ असतं. तिकीट घेण्याआधीही ते बहुतेक ठिकाणी भाड्याच्या तपशिलात दिसतं, फक्त उघडून बघावं लागतं.

मग पैशांवर मोजायला कधी लागले?

भाडी खुली झाल्यावर अंतर आणि भाडं यांची फारकत होत गेली. दोनशे डॉलरमध्ये देश ओलांडणारा आणि ऐन वेळी पाचशे डॉलर मोजून तासाभराच्या शहरात जाणारा, या दोघांत जुन्या नियमानं पहिल्याला कितीतरी जास्त माइल्स मिळायचे. केवळ माइल्ससाठी स्वस्तातली लांब तिकिटं काढून उडणारे लोकही तयार झाले. संध्याकाळी पोचायचं आणि रात्रीच्या विमानानं परत फिरायचं. याला ‘मायलेज रन’ म्हणत.

डेल्टानं १ जानेवारी २०१५ पासून भाड्यावर माइल्स द्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी मार्चमध्ये युनायटेडनं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकननं तेच केलं. तिघांचाही तेव्हाचा दर जवळपास एकसारखाच होता: साध्या सभासदाला डॉलरमागे ५ माइल्स, वरच्या पायऱ्यांना, म्हणजे वर्षभरात जास्त प्रवास करून वरचा दर्जा मिळवलेल्या सभासदांना, ७ ते ९ आणि सर्वांत वरच्या पायरीला ११. एका तिकिटावर ७५,००० ची कमाल मर्यादा. एअर फ्रान्स आणि केएलएमची ‘फ्लाइंग ब्लू’ २०१८ मध्ये त्याच वाटेनं गेली, लुफ्तान्झाची ‘माइल्स अँड मोअर’ही त्याच वर्षी आणि ब्रिटिश एअरवेज २०२३ मध्ये. दर आणि अटी त्यानंतर बदलत आल्या आहेत, पण पद्धत ठाम बसली.

आता पहिल्या परिच्छेदातल्या चौघांचा हिशेब लागतो. ८५० वाला साधा सभासद, त्याच्या तिकिटाचं मूळ भाडं १७० डॉलर, पाचनं गुणा. १६,५०० वाली बाई सर्वांत वरच्या पायरीवर आहे, तिनं आदल्या दिवशी १,५०० डॉलरचं बिझनेस तिकीट काढलं, अकरानं गुणा. २,४७५ वाल्यानं पूर्ण टक्के देणाऱ्या अक्षराचं तिकीट काढून तो प्रवास अंतरावर मोजणाऱ्या भागीदार योजनेत, म्हणजे करार असलेल्या दुसऱ्या विमान कंपनीच्या योजनेत, जमा केला. चौथ्यानं तिकीटच साठलेले माइल्स देऊन काढलं होतं आणि अशा तिकिटावर सहसा नवे माइल्स मिळत नाहीत. शून्य मिळण्याचं आणखी एक कारण वाढत चाललंय, ते म्हणजे सर्वांत स्वस्त प्रकारचं तिकीट. डेल्टानं २०२२ पासून आपल्या बेसिक इकॉनॉमीवर माइल्स देणं बंद केलं.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघायच्या तर अलास्का एअरलाइन्सचं उदाहरण चांगलं आहे. तिच्या ‘ॲटमॉस रिवॉर्ड्स’ या योजनेत सभासदालाच मोजमाप निवडता येतं: मैलाला एक पॉइंट, डॉलरमागे पाच किंवा प्रत्येक उड्डाणाला पाचशे. लॉस एंजेलिस–न्यूयॉर्क या मार्गावर मूळ भाडं ४९५ डॉलर असेल तर पहिल्या दोन्ही पद्धतींनी आकडा तोच येतो, २,४७५. त्याहून स्वस्त तिकीट असेल तर अंतर फायद्याचं, महाग असेल तर भाडं. म्हणजे मैलामागे २० सेंट ही सीमारेषा. छोट्या-छोट्या उड्डाणांनी फिरणाऱ्याला तिसरी पद्धत बरी.

मी तर याहून जास्त पैसे भरले होते!

ही तक्रार फार ऐकू येते. कार्डावरून ४०० डॉलर गेले, पाचनं गुणलं तर २,००० यायला हवेत, खात्यात १,७०० दिसतात.

तिकिटाची रक्कम तीन थरांची असते. मूळ भाडं हा पहिला थर. कंपनी स्वतः लावते तो अधिभार हा दुसरा. तिकिटावर तो बहुधा ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ या अक्षरांपुढे असतो. तिसरा थर सरकारी कर आणि विमानतळाच्या शुल्काचा. माइल्स पहिल्या दोन थरांवर मिळतात. तिसरा पैसा कंपनीच्या हातून फक्त पुढे जातो, त्यामुळे त्यावर ती काही देत नाही. चारशेपैकी साठ डॉलर कराचे असतील तर ३४० गुणिले ५, म्हणजे १,७००. लांबच्या आंतरराष्ट्रीय तिकिटांवर काही विमानतळांवरून कराचा थर बराच जाड असतो, तिथे ही तफावत जास्त खुपते.

कुणी पैसे भरले याला मात्र महत्त्व नाही. घरातल्या चौघांची तिकिटं एकानंच काढली तरी चौघांचे माइल्स चौघांच्या नावावर जातात. तिकीट नोकरीच्या कंपनीनं काढलं असलं तरी नियमानं ते प्रवाशाचेच. विमान कंपनीचा करार खुर्चीत बसणाऱ्याशी असतो.

तिकीट एकाचं, विमान दुसऱ्याचं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो.

१९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स सुरू केली, १९९९ मध्ये वनवर्ल्ड आली, २००० मध्ये स्कायटीम. गटातल्या कोणत्याही कंपनीनं प्रवास करा आणि माइल्स गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात टाका, अशी सोय झाली. सोय खरी आहे, पण दर वेगळा आहे. आपल्या योजनेची कंपनी दुसऱ्याच्या विमानावर काय भाडं घेतलं गेलं, हे सहसा बघत नाही. ती अंतर आणि बुकिंग क्लास बघते. त्यामुळे पैशांवर चालणाऱ्या योजनेतही भागीदाराच्या विमानाचे माइल्स बऱ्याचदा मैल आणि टक्केवारीवरच मोजले जातात.

टक्केवारी कंजूष का असते, त्याचंही कारण आहे. भागीदाराच्या विमानात बसून तुम्ही आपल्या योजनेत माइल्स घेता, तेव्हा विमान चालवणारी कंपनी ते माइल्स तुमच्या योजनेकडून ठरलेल्या दरानं विकत घेते. स्वस्त तिकिटावर एवढा खर्च तिला परवडत नाही, म्हणून तळाच्या अक्षरांना २५ टक्के किंवा थेट शून्य. परदेशी कंपनीचं अगदी स्वस्त तिकीट काढताना नेमकं हेच नजरेतून सुटतं.

आता कोडशेअर. विमान एका कंपनीचं, पण त्याच उड्डाणाला दुसरी कंपनी आपला क्रमांक लावून तिकिटं विकते. तिकिटावर बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ असं लिहिलेलं असतं. मग माइल्स विकणाऱ्याच्या नियमानं की उडवणाऱ्याच्या? काही योजना तिकिटावरच्या विमान क्रमांकाकडे बघतात, काही उडवणाऱ्याकडे आणि काही तिकीट कुणी काढलं त्याकडे. हे शेवटचं ओळखायची एक खूण आहे. ई-तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असतो आणि त्याचे पहिले तीन अंक तिकीट काढणाऱ्या कंपनीचे: ००१ अमेरिकन, ००६ डेल्टा, ०१६ युनायटेड, १२५ ब्रिटिश एअरवेज, २२० लुफ्तान्झा, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. तिकीट ०१६ नं सुरू होत असेल तर भागीदाराच्या विमानावरही युनायटेडचे माइल्स भाड्यावरून मोजण्याचा नियम आहे. तीच खुर्ची दुसऱ्या कंपनीच्या तिकिटावर घेतली तर हिशेब अंतर आणि अक्षरावर जातो. आठ हजार मैलांच्या स्वस्त तिकिटावर एका पद्धतीनं दोन हजार तर दुसरीनं चार हजार, एवढा फरक सहज पडतो.

एक प्रवास एकाच योजनेत टाकता येतो, दोन्हीकडे नाही. एकदा जमा झाल्यावर दुसरीकडे हलवणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे कोणत्या योजनेत टाकायचे, हे विमानात चढण्याआधी ठरवावं.

खात्यात दोन वेगळे आकडे का?

एक आकडा खर्च करायच्या माइल्सचा. दुसरा पायरी ठरवण्याचा: वर्षभरात तो अमुक झाला की सिल्व्हर, तमुक झाला की गोल्ड आणि मग लाउंज, जादा सामान, चेक-इनला वेगळी रांग. दोन्हींचे नियम वेगवेगळे. वरच्या पायरीला मिळणारे जादा माइल्स खर्चाच्या खात्यात येतात, पण पायरीच्या आकड्यात बहुतेक योजना ते धरत नाहीत. बोनसही मूळ माइल्सवरच मोजतात. २,००० मूळ माइल्सवर २५ टक्के बोनस म्हणजे ५००. आधीच्या बोनसवर पुन्हा बोनस चढत नाही.

लांब जाणाऱ्यावर हा अन्याय नाही का?

वर्षातून एकदा, सुट्टीत, महिने आधी स्वस्त तिकीट काढून लांब जाणारा माणूस नव्या पद्धतीत नक्कीच मागे पडला. पूर्वी एका जाण्या-येण्यात पंधरा हजार माइल्स मिळायचे, आता चार-पाच हजार. कंपनीचं म्हणणं असं, की ज्यानं जास्त पैसे दिले त्याला जास्त परतावा. धंद्याच्या दृष्टीनं यात चूक काढता येत नाही आणि ज्याला वरचेवर महाग तिकिटानं जवळच्या गावी जावं लागतं, त्याला जुन्या पद्धतीत फारसं मिळत नव्हतं, हेही खरं. मला खटकतं ते वेगळंच. तिकीट विकताना भाड्याशेजारी ‘या तिकिटावर इतके माइल्स’ हा आकडा छापायला कंपनीला काहीच अडचण नाही, सगळी माहिती तिच्याच संगणकात असते. काही कंपन्या तो दाखवतात. सगळ्यांनी दाखवला पाहिजे, तोही आपल्याच योजनेपुरता नाही, भागीदार योजनांसाठीसुद्धा.

पण माइल्स तर फुकटच मिळतात ना?

फुकट नसतात. हिशेबाच्या नियमांप्रमाणे कंपनी तिकिटाच्या रकमेतला काही भाग माइल्सची किंमत म्हणून बाजूला ठेवते आणि ते माइल्स वापरले गेल्यावरच तो उत्पन्नात धरते. म्हणजे ती किंमत आपण तिकीट काढतानाच मोजलेली असते.

शिवाय माइल्स विकणं हा स्वतंत्र मोठा धंदा आहे. क्रेडिट कार्डावर मिळणारे माइल्स बँक विमान कंपनीकडून रोख पैशांनी विकत घेते. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडनं आपली मायलेज प्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टानं आपल्या स्कायमाइल्स या योजनेच्या तारणावर ९ अब्ज. विमानतळ ओस पडलेले असताना सावकारांना भरवसा वाटला तो या योजनांचा.

एका माइलची किंमत किती?

ही किंमत कंपनी ठरवते आणि बदलूही शकते. पूर्वी अमुक प्रदेशात जायला इतके माइल्स, असे पक्के तक्ते असत. डेल्टानं ते २०१५ मध्ये काढून टाकले, युनायटेडनं २०१९ मध्ये. आता फुकट तिकिटाचा भावही मागणीप्रमाणे वरखाली होतो.

तरी हिशेब करता येतो. हवं असलेलं तिकीट रोखीत ३०० डॉलरला आहे आणि माइल्सनं घेतलं तर २०,००० माइल्स अधिक २० डॉलर कर, असं समजा. वाचले २८० डॉलर, भागिले २०,०००, म्हणजे माइलला १.४ सेंट. या भावानं डॉलरमागे पाच माइल्स म्हणजे सात टक्के परतावा आणि सुरुवातीचे ते ८५० माइल्स म्हणजे जेमतेम बारा डॉलर. दुसऱ्या कंपनीचं तिकीट चाळीस डॉलरनं स्वस्त असताना केवळ माइल्ससाठी महाग तिकीट घ्यायचं का, याचं उत्तर या भागाकारात मिळतं. वरची पायरी अगदी हातातोंडाशी आली असेल तरच गणित बदलतं.

साठवून ठेवण्यातही धोका आहे. डेल्टा आणि युनायटेडचे माइल्स कालबाह्य होत नाहीत, पण सिंगापूर एअरलाइन्स आणि लुफ्तान्झा यांच्या योजनांमध्ये साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत नसली तरी फुकट तिकिटाचा भाव वाढतोच.

आणि माइल्स आलेच नाहीत तर?

आठ-दहा दिवस थांबा, भागीदाराच्या विमानाचे असतील तर आणखी थोडे. बऱ्याचदा कारण किरकोळ असतं: तिकिटावर वडिलांचं नाव मधे आलंय आणि खात्यात नाही किंवा सभासद क्रमांक बुकिंगमध्ये भरायचाच राहिला. उड्डाणानंतरही मागणी करता येते. मुदत योजनेप्रमाणे बदलते, बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभर. त्यासाठी ई-तिकिटाचा तेरा अंकी क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो. पास मोबाइलवर असेल तर उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. प्रवास संपल्यावर कंपनीच्या ॲपमधून तो बऱ्याचदा नाहीसा होतो. मागणी आपली योजना ज्या कंपनीची आहे तिच्याकडे करायची, विमान दुसऱ्या कुणाचं असलं तरी.